शिक्षकाच्या पाठीशी समाज उभा राहील काय?

विदर्भातील कोणत्याही खेड्यात २६ जानेवारीच्या सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात डोकावले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. ध्वजवंदन आटोपलेले असते. मुलांची समूहगीते, लेझीम, भाषणे सुरू असतात आणि एकेका कार्यक्रमानंतर प्रेक्षकांतून कोणी शेतकरी, कोणी किराणा दुकानदार, कोणी परगावी नोकरीला गेलेला माजी विद्यार्थी उठून दहाची, पन्नासची, शंभराची नोट पुढे करतो. गुरुजी ध्वनिक्षेपकावरून दात्याचे नाव पुकारतात, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम पुढे सरकतो. कपाशीला भाव नसलेल्या वर्षीही हा रिवाज मोडत नाही. ज्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांनी केवळ शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भातच छापले, त्याच जिल्ह्यातील गावे आपल्या शाळेसाठी खिशात हात घालतात, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे.

परंतु या पैशाचे पुढे काय होते? बहुतेक ठिकाणी त्यातून शाळेची रंगरंगोटी होते, प्रवेशद्वार उभे राहते, एखादा पंखा किंवा पाण्याची टाकी येते. पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव रंगविले जाते. यात गैर काहीच नाही. उन्हाळ्यात पंखा हवाच आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्यात कृतज्ञता आहे. मात्र एक प्रश्न उरतोच. ज्या माणसाच्या हाती आपण आपली मुले दिवसाचे पाच-सहा तास सोपवितो, त्या शिक्षकाला वर्गात एखादा नवा प्रयोग करावयाचा असेल, एखादे साधन तयार करावयाचे असेल, दुसऱ्या जिल्ह्यातील चांगली शाळा पाहून यावयाचे असेल, तर त्यासाठी गावाच्या वर्गणीत एक रुपया तरी राखून ठेवलेला असतो काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. समाज शाळेला देतो, मुलांना बक्षीस देतो. शिक्षकाच्या कल्पकतेला मात्र काही देत नाही.

पाचशे रुपयांची कथा

शासनाला ही गरज कधी समजलीच नव्हती असे नाही. या शतकाच्या प्रारंभी सर्व शिक्षा अभियान सुरू झाले, तेव्हा प्रत्येक शिक्षकाला अध्ययन-अध्यापनाचे साहित्य तयार करण्यासाठी वर्षाला ५०० रुपये देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम लहान होती आणि ती खर्च करण्याच्या पद्धतीत दोषही शिरले. अनेक ठिकाणी वर्षअखेरीस तयार तक्ते खरेदी करून पावत्या जोडण्याचे काम तेवढे झाले. तथापि त्या पाचशे रुपयांमागील विचार मोलाचा होता. शिक्षक म्हणजे वरून आलेला अभ्यासक्रम खाली पोहोचविणारा हरकाम्या नव्हे. आपल्या वर्गाला काय हवे, हे ठरविण्याची बुद्धी त्याच्यापाशी आहे आणि त्या बुद्धीवर काही रक्कम विश्वासाने सोपविली पाहिजे, हा तो विचार होता.

पुढे २०१८ साली समग्र शिक्षा अभियान आले आणि शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. केंद्राच्या आराखड्यात मोठ्या शाळेसाठी हा आकडा एक लाखापर्यंत जातो. तीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेसाठी तो दहा हजार रुपये इतका आहे. वीजदेयक, खडू, दुरुस्ती, स्वच्छता हे सारे त्यातच भागवावयाचे. यवतमाळ जिल्ह्यातील पोडांवरील आणि तांड्यांवरील शाळा बहुतांशी याच लहान गटातील आहेत. त्या दहा हजारांतून वर्गातील नव्या उपक्रमासाठी काय उरत असेल, याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला चटकन करता येईल. म्हणूनच आज जे काही चांगले घडते आहे, ते अनेक ठिकाणी शिक्षकाच्या स्वतःच्या खिशातून घडते आहे. जे शिक्षक असे करीत नाहीत, त्यांना दोष देणे सोपे आहे. पण समाजाने त्यांच्यापुढे कधी हात पुढे केला, हेही विचारले पाहिजे.

ही परंपरा आपलीच आहे

समाजाने शिक्षणाचा भार उचलणे ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. यवतमाळकरांना तर तिचे विस्मरण होताच कामा नये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वंगभंगाच्या चळवळीच्या काळात, याच गावी ‘विद्यागृह’ ही राष्ट्रीय शाळा चालत होती. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या माणसांनी ती उभी केली होती. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये ‘वंदे मातरम्’चा घोष झाला आणि त्यापायी शाळेबाहेर पडावे लागलेले केशव हेडगेवार शिकण्यासाठी आले ते याच विद्यागृहात. राष्ट्रीय शाळा सरकारी अनुदान घेत नसत. त्या चालत लोकांच्या देणगीवर आणि शिक्षकांच्या त्यागावर. परकीय सत्तेच्या अवकृपेमुळे विद्यागृह फार काळ टिकू शकले नाही. पण ज्या यवतमाळने शंभर वर्षांपूर्वी सरकारला न जुमानता शाळा चालविली, त्या यवतमाळने आज सरकारी शाळेतील शिक्षकाला थोडे साहाय्य करणे म्हणजे काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना गावोगावी फिरून रुजविली. वर्षाला प्रत्येकाकडून एक पैसा, एवढीच मागणी. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि या पैशापैशातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घरोघरच्या मूठभर धान्यावर गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालविली. मुष्टिफंडाची ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तितकीशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विद्यालयही काढले. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर खेड्यासाठी घडलेला शिक्षक आधी हवा, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. लोकांच्या पैशातून त्यांनी इमारतीबरोबर माणूसही घडविला. आपण मात्र त्यांच्या परंपरेतील इमारतीचा भाग तेवढा उचलला आणि माणसाचा भाग शासनावर सोडून दिला.

परदेशातील एक उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका सार्वजनिक शाळेत शिकविणारे चार्ल्स बेस्ट यांनी २००० साली ‘डोनर्स चूज’ ही संस्था सुरू केली. शिक्षकाने आपल्या वर्गाला काय हवे ते नेमके लिहावयाचे, त्याची किंमत सांगावयाची आणि ज्याला ते पटेल त्याने आपल्या ऐपतीनुसार वाटा उचलावयाचा, अशी ही साधी पद्धत. रोख रक्कम शिक्षकाच्या हाती पडत नाही, वस्तू वर्गात पोहोचतात. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही शिक्षकाला असे साहाय्य लागते आणि समाज ते देतो. पैसा फंडाच्या भूमीला हे शिकण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. उलट आपलेच काही आपल्याला परत मिळत आहे, असे वाटावयास हवे.

दिसणाऱ्या वस्तू आणि न दिसणारे सामर्थ्य

२२ जून २०१५ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतरच्या काही वर्षांत लोकसहभागाची एक मोठी लाट आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि त्याचे अनुकरण राज्यभर झाले. गावोगाव वर्गणी जमली. दूरचित्रवाणी संच, संगणक, प्रक्षेपक आले, फिती कापल्या गेल्या, छायाचित्रे छापून आली. आज त्यांतील किती संच चालू आहेत? जिथे कल्पक शिक्षक टिकला तिथे ते चालू आहेत. जिथे शिक्षकाची बदली झाली, वीजदेयक थकले, किंवा ते साधन अध्यापनात कसे गुंफावे हे कोणी शिकविलेच नाही, तिथे त्यांच्यावर कापड पांघरलेले आहे. दोष यंत्राचा नाही, देणाऱ्यांचाही नाही. पाष्टेपाड्यातील यश यंत्राचे नव्हते, त्यामागील शिक्षकाचे होते, हे आपण विसरलो आणि यंत्र तेवढे विकत आणले.

याच्या अगदी उलट उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे आहे. तेथे शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. साधने कोणती? मणी, काड्या, खडे, बाटल्यांची बुचे, फरशीवर रंगविलेल्या आकृत्या. खर्च नगण्य, पण त्यामागे शिक्षकांचा अभ्यास, आपसांतील चर्चा आणि सततचे साहाय्य होते. पुढे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तो प्रयोग पाहावयास जाऊ लागले. ज्यांनी ते वर्ग प्रत्यक्ष पाहिले, ते परत येऊन आपल्या वर्गात काही तरी करू लागले. एका दिवसाच्या अशा भेटीने जे साधते, ते दहा परिपत्रकांनी साधत नाही. तेव्हा समाजाने पैसा कोठे घालावा, याचे उत्तर या दोन उदाहरणांत स्पष्ट आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या प्रयोगाची जगाने दखल घेतली. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या घटनेचे कौतुक आपण सर्वांनी केले. पण असे प्रयोग आरंभी फार लहान असतात, कोणाच्या नजरेत न भरणारे असतात आणि नेमके त्याच वेळी त्यांना थोडा आधार हवा असतो. पुरस्कार मिळाल्यावर हार घालावयास सारेच येतात. अंकुराला पाणी घालावयास कोण येतो, हा खरा प्रश्न आहे.

पाच हजारांत काय होईल?

समजा, झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर नवी नेमणूक झालेली शिक्षिका आहे. पहिलीच्या वर्गातील मुलांची घरची बोली कोलामी. ही बोली द्रविड कुळातील, मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. पाठ्यपुस्तकातील मराठी शब्द त्या मुलांना परके. मूल गप्प बसते आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. या शिक्षिकेने पोडावरील आजीबाईंना शाळेत बोलावून त्यांच्या गोष्टी ऐकल्या, मुलांकडून चित्रे काढून घेतली आणि कोलामी व मराठी शब्द शेजारी शेजारी लिहून वीस-पंचवीस पानांची एक चित्रपुस्तिका केली, तर तिच्या चाळीस प्रती छापण्यास किती खर्च येईल? पाच हजार रुपये फार झाले. ती पुस्तिका मुलाच्या हाती पडेल, तेव्हा त्याला प्रथमच असे वाटेल की ही शाळा माझी आहे. कोलाम समाज हा राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समाजांपैकी एक आहे. त्याला मुख्य प्रवाहात आणण्याच्या गोष्टी आपण व्यासपीठावरून नेहमी करतो. त्या प्रवाहाचा उगम अशा चाळीस पुस्तिकांत असू शकतो.

दुसरे उदाहरण घेऊ. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर विषाची तीव्रता दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणी करणाऱ्या किती जणांना तो वाचता येतो? एखाद्या विज्ञान शिक्षकाने सातवीच्या मुलांकडून गावातील रिकामी वेष्टने न हाताळता केवळ कृषी केंद्रातील डब्यांवरील खुणांची नोंद करून घेतली, वाऱ्याची दिशा पाहण्याचे साधे यंत्र बनवून घेतले, तोंडाला रुमाल, हातमोजे, फवारणीनंतरची आंघोळ यांविषयीचे फलक तयार करवून घरोघरी नेले, तर तो विज्ञानाचा पाठ कोणाच्या तरी वडिलांचा जीव वाचवील. जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पाणी तपासण्याचा एक संच वर्गात आला, तर रसायनशास्त्राचा धडा थेट गावच्या विहिरीपर्यंत पोहोचेल. हे उपक्रम मुंबई-पुण्याच्या कार्यालयात बसून कोणाला सुचणार नाहीत. ते गावातील शिक्षकालाच सुचतील.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे तास भरण्याच्या दोन रीती आहेत. एक, भ्रमणध्वनीवर ध्वनिचित्रफीत लावून ठेवावी आणि प्रमाणपत्र काढून घ्यावे. दुसरी, आपल्या वर्गातील एखादी अडचण घेऊन तिचा अभ्यास करावा, जाणत्याकडे जावे, चार पुस्तके विकत घ्यावीत, दुसऱ्याचा वर्ग पाहावा, परत येऊन प्रयोग करावा आणि त्याची नोंद ठेवावी. दुसऱ्या रीतीला प्रवासखर्च लागतो, पुस्तकांचे पैसे लागतात. उमरखेडच्या शिक्षिकेला साताऱ्यापर्यंत जाऊन यावयाचे, तर दोन दिवस आणि काही हजार रुपये लागणार. समाजाने तेवढे दिले, तर ती शिक्षिका परत येईल ती एकटी नसेल. तिच्यासोबत एक नवा विचार गावात येईल.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप येतील आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन मिळते, मग शेतकऱ्याच्या वर्गणीतून त्याला आणखी का द्यावयाचे? उत्तर असे की, हा निधी शिक्षकाच्या वेतनात भर घालण्यासाठी नाही. तो वर्गासाठी आहे. शिक्षकाच्या हाती रोख रक्कम पडू नये, ती शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा व्हावी आणि वस्तूंची नोंद शाळेच्या संग्रह नोंदवहीत व्हावी. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. समिती कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात जागी झाली, तर हिशेबाची काळजी करण्याचे कारण उरत नाही. आणि वेतन घेऊनही वर्गात काही न करणारा शिक्षक या निधीकडे फिरकणारच नाही. कारण इथे अर्ज करणे म्हणजे अधिक कामाची जबाबदारी अंगावर घेणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समाज देऊ लागला की शासन हात आखडता घेईल, असे अनेकांना वाटते. ही भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हा दुर्गम भागांतील पालकांत केवढी अस्वस्थता पसरली होती, हे सर्वांनी पाहिले. त्यामुळे रेषा स्पष्ट आखली पाहिजे. शिक्षकाची नेमणूक, वेतन, इमारत, वीज, पाणी, स्वच्छतागृह हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी वर्गणी गोळा करणे म्हणजे शासनाला कर्तव्यातून सूट देणे होय. समाजाचा निधी त्यापलीकडच्या गोष्टींसाठी, म्हणजे शिक्षकाच्या कल्पनेसाठी आणि त्याच्या अभ्यासासाठी असावा. किंबहुना पोडावरील शाळेत चांगले काम उभे राहिले, मुले वाचू-लिहू लागली, पालक समितीत बोलू लागले, तर ती शाळा बंद करण्याचा विचारही कोणाला सहजासहजी करता येणार नाही. शाळा वाचविण्याचा खरा मार्ग निवेदनाइतकाच त्या वर्गातून जातो.

तिसरा आक्षेप विषमतेचा. प्रत्येक गावाने आपापल्या शाळेला दिले, तर वणी, पुसद, दारव्हा येथील शाळांना भरपूर मिळेल आणि पांढरकवड्याच्या आसपासचा पोड, दिग्रस-महागाव भागातील तांडा कोरडाच राहील. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल ज्या वर्गात बसते, त्या वर्गासाठी वर्गणी कोण देणार? म्हणूनच हा निधी गावाचा नको, जिल्ह्याचा हवा. ज्याची ऐपत आहे त्याने द्यावे आणि ज्याची गरज आहे त्याला मिळावे, यालाच आपण समरसता म्हणतो. शहरातील व्यापाऱ्याने दिलेले शंभर रुपये आपल्या नात्याच्या, आपल्या जातीच्या, आपल्या ओळखीच्या मुलासाठी नव्हे, तर कधीही न पाहिलेल्या मुलासाठी खर्च होतील, हे त्याला आनंदाने मान्य व्हावयास हवे. शाळा निवडताना माध्यम, जात, पंथ यांपैकी कशाचाही विचार होता कामा नये. उपक्रम चांगला आहे काय आणि मुलांना त्याची गरज आहे काय, एवढेच दोन प्रश्न विचारावेत.

दुर्गोत्सवाचा एक वाटा

निधी येणार कोठून? यवतमाळच्या बाबतीत याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. कोलकात्याच्या पाठोपाठ यवतमाळच्या दुर्गोत्सवाचे नाव अभिमानाने घेतले जाते. नवरात्रात शहरात उभे राहणारे देखावे पाहावयास लांबलांबहून लोक येतात. मंडळांचे कार्यकर्ते महिनोन्महिने राबतात, वर्गणी जमवितात, हिशेब ठेवतात. ही संघटनशक्ती सामान्य नव्हे. प्रत्येक मंडळाने आपल्या खर्चातून केवळ पाच हजार रुपये एका शिक्षकाच्या एका उपक्रमासाठी बाजूला काढले, तर वीस मंडळांतून एक लाख रुपये उभे राहतील आणि वीस वर्गांत काही तरी नवे घडेल. देवीच्या उत्सवात सरस्वतीचा एवढा वाटा काढणे कोणाला जड जाईल असे वाटत नाही. गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंगचे मालक, नागपूर-पुण्यात स्थिरावलेले यवतमाळकर या सर्वांना यात स्थान आहे. वस्तू आणि सेवा देऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २०२१ पासून ‘विद्यांजली’ची नवी व्यवस्थाही केली आहे.

योजनेचे स्वरूप जितके साधे तितके बरे. शिक्षकाने एका पानाचा अर्ज करावा. मुलांची कोणती अडचण आहे, मी काय करणार आहे, त्याला किती खर्च येईल आणि उपयोग झाला की नाही हे मला कसे कळेल, ही चार उत्तरे पुरेत. निवड समितीत दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक-दोन माता-पालक, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील एखादे जाणते अधिव्याख्याते आणि हिशेब पाहणारा एक माणूस असावा. राजकीय पुढारी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, या समितीत नकोत. वर्षअखेरीस जाड अहवाल मागू नये. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या शिक्षकाने आपला उपक्रम इतर शिक्षकांना करून दाखवावा, हाच त्याचा अहवाल. आणि एक महत्त्वाचे पथ्य म्हणजे, उपक्रम फसला तर त्याचा दंड नसावा. जो प्रयोग फसूच शकत नाही, तो प्रयोग नसतो. शेतकरी पेरणी करताना पावसाची हमी मागत नाही. फसलेल्या प्रयोगातून काय उमगले हे शिक्षकाने प्रामाणिकपणे सांगितले, तर तेही इतरांच्या उपयोगाचेच आहे.

शेवटी दोन शब्द आपल्या कार्यकर्त्यांसाठी. असा निधी उभा करण्यात पुढाकार घेण्याची क्षमता आपल्यापाशी आहे, हे निर्विवाद. घरोघरी जाण्याची सवय आहे, लोकांचा विश्वास आहे, हिशेबातील चोखपणा आहे. तथापि एक मोह टाळावा लागेल. जो उपक्रम आपण सुरू केला त्यावर आपली पाटी असावी, शिक्षकाने आपल्या कार्यक्रमांना यावे, वर्गात काय शिकवावे याविषयी आपले दोन शब्द ऐकावेत, अशी अपेक्षा नकळत मनात येते. ती आली की शिक्षकाचे स्वातंत्र्य गेले आणि निधीचे प्रयोजनही संपले. पंख्याच्या पात्यावर नाव रंगविणाऱ्या दात्याला आपण मनातल्या मनात हसतो. तो फार तर दोनशे-तीनशे अक्षरांचा मोह असतो. संघटनेच्या नावाचा मोह त्याहून मोठा असतो. देऊन विसरून जाणे ही आपल्या परंपरेने सांगितलेली दानाची श्रेष्ठ रीत आहे आणि ती येथे अक्षरशः पाळली पाहिजे.

येत्या नवरात्राला अजून अवधी असेल किंवा नसेल. आरंभ करण्यासाठी मुहूर्ताची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावातील, आपल्या वस्तीतील शाळेत एकदा जावे. भिंतीचा रंग आणि पंख्यांची संख्या न पाहता तेथील शिक्षकाला एवढेच विचारावे, “गुरुजी, यंदा वर्गात तुम्हाला काय करून पाहावेसे वाटते?” बहुधा ते प्रथम गोंधळतील, कारण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेलाच नसेल. सर्वेक्षणाची माहिती भरली काय, याद्या तयार झाल्या काय, हेच प्रश्न ऐकण्याची त्यांच्या कानांना सवय झाली आहे. थोड्या वेळाने ते बोलू लागतील. तेव्हा शांतपणे ऐकून घ्यावे आणि मग खिशात हात घालावा. शंभर वर्षांपूर्वी परकीय सरकारच्या रोषाची पर्वा न करता ज्या यवतमाळने विद्यागृह चालविले, त्या यवतमाळला आज एवढे करण्यासाठी धैर्यही लागणार नाही. लागेल ती थोडी आपुलकी आणि शिक्षकावरचा विश्वास.